काहिलीतला सूर्य

त्या दुपारी कासुर्डीपलीकडच्या वाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. देवळापुढं गुऱ्हाळाची जुनी काहील ठेवलेली, तिच्या पोटात चुन्यात बसवलेले आरशांचे तुकडे, आणि वर त्रिशूळाला टांगलेला, कापूर नि काजळी लावलेला कापूस. काडी नाही, निखारा नाही, तरी कापूस भक्कन पेटला. बायांनी हात जोडले.

"सूर्यनारायणानं कौल दिला. रखमाजी निर्दोष," भास्करबाबा म्हणाला. "निर्मळ माणसाचाच कापूस देव स्वीकारतो. हिमालयात सूर्याशी आमचं रोज बोलणं होतं." रात्री कुणाशी बोलणं होतं, हे कुणी विचारलं नाही.

मी इनुस, दौंडचा फोटोग्राफर. ही एकसष्ट सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाबाचा फोटो काढायला वाडीचा कारभारी रखमाजी यानंच मला आणलं होतं. दुसऱ्याच्या रानात मेंढरं घातल्याचा त्याच्यावरचा आळ आता धुऊन निघाला होता.

मग गिताबाईला पुढं ढकललं. तिच्या जावेचं तान्हं पोर तापानं गेलं होतं. ताप चढला तेव्हा डॉक्टरकडे न नेता घरचे अंगारा लावत बसले, आणि पोर गेल्यावर म्हणाले, गितानं करणी केली. कापूस पेटला नाही तर तिनं वाडी सोडायची, असं ठरलं होतं. तिचा नवरा मल्हारी जमिनीकडं बघत उभा होता.

रखमाजीच्या वेळी बाबाच्या चेल्यानं आरशांना पाण्याचा अभिषेक करून ते फडक्यानं लख्ख पुसले होते. गिताबाईच्या हातात मात्र तेलाची वाटी आणि भंडारा दिला. "आपल्या हातानं देवाला माख," बाबा म्हणाला. देवाला दया येईल म्हणून त्या भाबडीनं एकही तुकडा न सोडता जाड लेप दिला. ते बघून रडावं की चिडावं, मला कळेना. मी चिडलो.

कापूस नुसता लोंबत राहिला. "चेटकीण," कुणीतरी म्हणालं. जावेनं दगड उचलला.

मी मध्ये शिरलो. "थांबा. माझ्याकडं उजेड मोजायचं यंत्र हाय, फोटोला लागतं. ह्याचा काटा कुणाचं मन बघत न्हाई."

"हे तुमच्या धर्मातलं न्हाई, इनुसभाई," रखमाजी म्हणाला.

"ऊन तर समद्यांचं हाय न्हवं?"

गिऱ्हाइकांना केस विंचरायला ठेवलेला आरसा मी काढला, त्यानं उन्हाचा कवडसा देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर पाडला आणि यंत्र तिकडं धरलं. "आरशावर पडलेल्या उन्हातलं तो परत किती देतो, ते ह्यो काटा सांगतो." काटा झरकन वर गेला. मग त्याच आरशाला तेल नि भंडारा फासला. काटा निम्म्याच्याही खाली आला. आरसा पुसला, काटा पुन्हा वर.

म्हातारा गेणबा वाकून बघत होता. "म्हंजी भंडाऱ्यानं आरसा आंधळा व्हतो?"

"व्हय आबा. समद्या तुकड्यांचं ऊन एका जागी कापसावर पडतं, म्हून तो पेटतो. तेवढंच."

"मंग काहील पुसा की."

कुणी हलेना. देवाला वाहिलेला भंडारा पुसायचा कुणी? याच भीतीवर बाबाचं दुकान चाललं होतं. शेवटी गिताबाईच उठली आणि पदरानं एकेक तुकडा पुसू लागली. काहील स्वच्छ झाली, आणि थोड्या वेळात कापूस पेटला.

आणि वाडीनं काय केलं? तिच्या पाया पडली. "पदरानं पाप पुसलं गेलं," बाबा घाईघाईनं म्हणाला.

मी आरशांना पुन्हा लेप दिला, नवा कापूस टांगला आणि बाबालाच पुढं उभं केलं. "आता तुमचा कौल घिऊ." ऊन तेच, काहील तीच. कापूस काही पेटला नाही. "देव विश्रांती घेतोय," बाबा पुटपुटला. गर्दीत कुणीतरी हसलं, आणि बाबा-चेल्यानं झोळ्या उचलल्या.

"चल घरी," मल्हारी बायकोला म्हणाला.

गिताबाई जागची हलली नाही. "आन् आज आभाळ आलं असतं, तर?"

मल्हारी पुन्हा जमिनीकडं बघू लागला. ती एकटीच माहेरच्या वाटेला लागली.

वाचकहो, आरसा उजेड परत देतो, निवाडा देत नाही. न पेटलेल्या कापसानं गिताबाई दोषी ठरत नव्हती, तशी पेटलेल्या कापसानं ती निर्दोषही ठरली नाही. पोर कशानं आजारी आहे, ते डॉक्टरला विचारा, तेही पोर जिवंत असताना. आणि घरच्या बाईवर आळ आला तर तोंड उघडा. कापूस पेटायची वाट बघत उभे राहू नका.