मोठ्यानं बोलत चला

लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासू-सुनेचं बोलणं ‘चहा घेणार का?’च्या पुढे गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, दोघी मुळातच अबोल. सासूचा जन्म शिवणयंत्रावर मान खाली घालून गेलेला. सून चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि घरी आली की गप्प.

तिघं डोंगरावर सहलीला आली आणि आल्या आल्या सासूच्या मुलाचा पाय मुरगळला. “तुम्ही दोघी फिरून या,” तो म्हणाला.

रानवाटेच्या तोंडाशी वनरक्षकानं थांबवलं. “इथं अस्वलं आहेत. मोठ्यानं बोलत चला, म्हणजे ती आपणहून बाजूला होतात. अचानक समोर गेलात, तर बिथरतात. दिसलंच, तर पळू नका.”

“बोलायचं काय?” सुनेनं विचारलं.

सासूनं थोडा विचार केला आणि अख्ख्या रानाला ऐकू जाईल असं विचारलं, “तो घोरतो का गं अजून?”

“घोरतो? आई, भिंती हलतात!”

मग काय, विषयच मिळाला. त्याच्या हरवलेल्या किल्ल्या, त्याचा करपलेला भात.

“लहानपणी माझं बोट धरून झोपायचा,” सासू म्हणाली.

“आता माझं धरतो,” सून म्हणाली आणि लाजली.

पुढे चढ लागला. दम लागून दोघी गप्प झाल्या. त्यात ओढ्याचा खळखळाट. वळणावर अचानक एक पिल्लू वाटेत आलं. मागच्या झुडपातून त्याची आई मागच्या पायांवर उभी राहिली.

सासू पळायलाच वळली. सुनेनं तिचा दंड धरला. “पाठ फिरवू नका, आई. माझ्याबरोबर हळूहळू मागे सरका.” मग अस्वलाकडे बघत, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा शांत आवाजात म्हणाली, “आम्ही चाललोय हं. तुझं बाळ ने तू.”

अस्वल फुसफुसलं. पिल्लू तुरुतुरु आईकडे गेलं आणि दोघं झाडीत शिरली.

खाली पोचून त्यांनी सांगितल्यावर वनरक्षकानं वाट बंद केली. सासू बाकावर बसली.

“मला वाटलं, तू पळशील. मी मागे राहीन.”

“तुम्हाला टाकून?”

सासूचे डोळे भरून आले. “माझे गुडघे फार दुखतात गं. कुणाला सांगितलं नाही आजवर.”

सून शेजारी टेकली. “कधीपासून?”

सासू सांगू लागली. मुलाचा फोन येत राहिला. कुणीच उचलला नाही.