लेबलाचा चिकटा

धाकट्या भावाच्या खोलीचं दार उघडलं आणि ताई दोन पावलं मागेच सरली. आत माणूस राहत होता की आणखी काही, देव जाणे. वास असा की नाकाला रुमाल लावला तरी तो रुमालातून शिरून जिभेवर बसत होता. फरशीवर कधीकाळी काहीतरी गोड सांडलेलं. चप्पल टाकली की चिकटायची आणि उचलली की चर्र वाजायची. टेबलावर चार कप, चारांत चार रंगांची बुरशी. केसांचे पुंजके. आणि कीबोर्डशेजारी एका बशीत, शी, कापलेल्या नखांचा ढीग. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या आणि नखं बशीत जमवतो! कशाला? लोणचं घालायला?

ताई म्हणजे कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच नाक मुरडते. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची अवजारं धुण्याची एक खोली असते. त्या खोलीची ती गेली बावीस वर्षं मुख्य. रक्त, पू, हाडाचा भुगा, सगळं तिने या दोन हातांनी धुतलंय आणि मग डबा उघडून खुशाल जेवलीय. तेव्हा घाणीला ती घाबरत नव्हती. तिला शिसारी यायची ती घाणीत लोळणाऱ्या माणसाची. तिच्या हाताखालच्या पोरींना पहिल्या दिवशी ती एकच गोष्ट शिकवायची: अवजाराला खुणेची चिकटपट्टी लावलेली असेल तर ती सोला, चिकटा खरवडा, स्पिरिटने पुसा. चिकटा राहिला म्हणजे जंतूला फुकटचं घर मिळालं. पोरी मागे तिची नक्कल करायच्या, ते तिला माहीत होतं, आणि तिची काही हरकत नव्हती.

धाकट्याला अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले होते. डावी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं. जीव वाचला, पण गडी भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. व्यायाम करून घेणारी बाई रोज यायची, डावा अंगठा हलवा म्हणायची, हा ढिम्म. बाईने ताईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की महिन्याभरात हात हलायला लागला नाही तर बोटं आखडतील, मग कितीही डोकं आपटा. ताईने समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका सकाळी त्यानेच तोंड उघडलं. त्याचे जुने खेळ हवे होते. टीव्हीला जोडायचं ते यंत्र वॉर्डात चालणार नव्हतं, पण हातात धरायची छोटी यंत्रं मिळतात, जुन्या सीड्या त्यात भरून देणारा एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे न्यायच्या. व्यायामवाली खूश झाली, कारण त्या यंत्रावर दिशेची बटणं डाव्या अंगठ्याखालीच असतात. ताई जायला निघाली तसं त्याने तिची बाही धरली.

"निळी डबी," तो म्हणाला. "ती मुख्य. पुसू नकोस. आहे तशी दे."

आता आहे तशी म्हणजे कशी, ते ताईने खोलीत पाहिलं. पलंगाखालच्या खोक्यात चौतीस डब्या होत्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. पहिली उचकटली तर आत झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी कुप्या, ओळीने, अगदी व्यवस्थित. या घरात व्यवस्थित राहणारं कुणी होतं तर ते झुरळ. निळ्या डबीतल्या सीडीवर कागदाचं गोल लेबल, त्यावर धाकट्याच्या बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं. लेबलाच्या एका कडेला च्युइंगम, त्यात एक केस. हे दुसऱ्याच्या हातात द्यायचं? दुरुस्तीवाला काय म्हणेल, यांच्या घरात कुणी बाई-माणूस नाही का?

घरमालकाला रविवारी खोली रिकामी हवी होती, म्हणून तिने दोन माणसं लावून एका दिवसात सगळा उकिरडा उपसला. गादी गेली, कप गेले, बशी नखांसकट गेली. कॉम्प्युटर हलवला तर आतून झुरळांचं अख्खं खानदान बाहेर पडलं. ताईने तो त्याच पावली भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. सीड्या तेवढ्या पिशवीत घालून घरी आणल्या आणि मोरीत बसून, हातमोजे घालून, कोमट साबणाच्या पाण्यात धुवायला घेतल्या.

तेहतीस सीड्या झकास निघाल्या. त्यांच्यावर नाव छापलेलंच होतं, सोलायचं काही नव्हतं. चौतिसावी निळ्या डबीतली. पुसू नकोस म्हणे. अरे, स्वतःची बोटं हलवायची अक्कल नाही आणि मला साफसफाई शिकवतोय! तिने लेबल भिजवलं, नखाने कड उचलली आणि बावीस वर्षांच्या सरावाने एका दमात सोललं. लेबलाबरोबर एक चंदेरी पापुद्रा आला, तापल्या दुधावरची साय यावी तसा. राहिलेले तुकडे तिने खरवडले, चिकटा स्पिरिटने पुसला. सीडी उजेडात धरली तर आरपार दिसत होतं. काचेसारखी. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

दुरुस्तीवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. माणूस सज्जन, दुकान नीटनेटकं, म्हणून ताईने त्याला मनातल्या मनात पास करून टाकलं. तो एकेक सीडी घ्यायचा, मऊ कापडाने मधून बाहेर असा हात मारायचा आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या खाचेत घालायचा. कॉम्प्युटर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा, एका सीडीची एक फाइल करायचा, ती फाइल नखाएवढ्या कार्डात जायची. एखादी सीडी अडखळली की तो कान देऊन ऐकायचा आणि पुन्हा पुसायचा. असल्या कामाला ताईच्या मनात मान होता. मग त्याने निळी डबी उघडली, सीडी उचलली आणि तिच्यातून ताईकडे पाहिलं. तिला त्याचा डोळा स्वच्छ दिसला.

"मॅडम, हिचं लेबल कुणी काढलं?"

ताईने जरा ऐटीतच सांगितलं की मी. त्याने कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं, न चिडता, आणि ते न चिडणंच ताईला जास्त लागलं. सगळ्यांना वाटतं खालच्या चकचकीत बाजूला सगळं लिहिलेलं असतं. ती बाजू म्हणजे नुसतं जाड प्लास्टिक. लिहिलेलं असतं वर, लेबलाच्या लगेच खाली, त्या पातळ चांदीत. घरी भरलेल्या सीडीवर कागद चिकटवला आणि तो ओढला की चांदी त्याच्याबरोबर निघून येते. आता हे नुसतं ताट आहे.

लेबल कुठाय म्हणाल तर कचऱ्यात, आणि कचरा सकाळीच गेला. करायला गेले एक आणि झालं भलतंच! दुरुस्तीवाल्याला दया आली असावी. डबीच्या आतल्या चिठ्ठीवर खेळाचं परदेशी नाव होतं, ते वाचून तो म्हणाला की घाबरू नका, ही कुणीतरी केलेली नक्कल होती, मूळ खेळ माझ्याकडे आहे, तोच भरून देतो. खेळणाऱ्याला काही फरक कळायचा नाही.

"आणि त्याला सांगायचं काय?" ताईने विचारलं.

"सांगायचं कशाला?" तो म्हणाला.

ताईला ते पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. ज्या बाईने बावीस वर्षांत नुसती धुतल्यासारखी दिसणारी एकही कात्री पुढे जाऊ दिली नाही, ती आता धाकट्या भावाच्या हातात खोटी वस्तू द्यायला निघाली होती, वर छान पिशवीत घालून. पण अंगठा हलणं महत्त्वाचं, असं तिने स्वतःला बजावलं आणि वॉर्ड गाठला.

तो अंगठा हलला, बरं का. धाकट्याने यंत्र छातीवर टेकवलं, उजव्या हाताने सावरलं, आणि डावा अंगठा बटणावर ठेवून जोर करायला लागला. घामाघूम झाला. गाडीच्या खेळात गाडी दहा वेळा खड्ड्यात घातली, अकराव्यांदा वळवली. व्यायामवाली शेजारच्या पेशंटला सोडून बघायला आली. ताईचे डोळे भरून आले. मग त्याने यादीत खाली जात जात तो परदेशी खेळ उघडला. पडद्यावर एक गाव आलं, एक खाणावळ, दारात लठ्ठ खाणावळवाली. धाकट्याने तिच्यासमोर जाऊन बटण दाबलं. परदेशी अक्षरांची ओळ उमटली.

अंगठा थांबला.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

ताई म्हणाली की तोच खेळ आहे, नाव बघ. त्याने मान हलवली. मग तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये मध्ये लाळ पुसून घेत, त्याने जे सांगितलं ते जुळवायला तिला बराच वेळ लागला. तो खेळ त्याने आपल्या भाषेत आणला होता. सात वर्षं, रोज कामावरून आल्यावर. त्या खेळात आपली अक्षरं नव्हतीच, म्हणून एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलं होतं. गावातली सगळी माणसं, चोर, शिपाई, राजा, म्हाताऱ्या, सगळी आपल्यासारखी बोलायची. सीडीवर भरून तो शेवटपर्यंत एकदा खेळून बघणार होता आणि मग लोकांना फुकट वाटणार होता. तेवढ्यात झटका आला.

"कॉम्प्युटरवर आहे," तो म्हणाला. "सीडी बिघडली असेल तर... तिथून घे."

सात वर्षं ताई याला नातेवाइकांत घोडा म्हणत आली होती, पोरखेळात बुडालेला घोडा. आणि भंगारवाल्याच्या गाडीवर तिने त्या कॉम्प्युटरला वरून एक लाथही घातली होती, नीट बसेना म्हणून. सांगता आलं असतं की दुकानदाराने हरवली. दुकानदार जिन्याखाली बसलेला, तो काय भांडायला येणार होता! शब्द जिभेवर आलेसुद्धा, आणि त्यांची चव त्या खोलीतल्या वासासारखी होती.

"मी घालवली," ती म्हणाली. "लेबल सोललं. कॉम्प्युटर भंगारात दिला, तो एव्हाना तुकड्यांत गेला असेल. तू नको म्हणाला होतास तरी मी धुतली."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने यंत्र पोटावर पालथं ठेवलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. व्यायामवाली पुढच्या पलंगाकडे गेली.

ताई स्टुलावर बसून राहिली. हातांना स्पिरिटचा वास येत होता, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो तिला नकोसा झाला. मग तिने पलंगाच्या पायथ्याचा व्यायामाचा जुना तक्ता काढला, उलटा केला, पर्समधून पेन काढलं.

"तू सांग," ती म्हणाली. "मी लिहून घेते. सात वर्षं लागू देत. तुझ्या डोक्यात आहे ना सगळं?"

तो वळला नाही. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं, एकेक शब्द ओढून, तो म्हणाला,

"राहा हवे तितके दिवस. पण पायाचा चिखल बाहेर ठेवून ये. घरातला मला पुरे आहे."

ताईचं पेन 'पुरे'पाशी थांबलं. हे वाक्य तिने कुठे ऐकलं नव्हतं, स्वतःच म्हटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी धाकटा नोकरी सुटून दोन पिशव्या घेऊन तिच्या दारात उभा होता, तेव्हा. थट्टेत नव्हतं म्हटलं. तो अकरा दिवस राहिला आणि तिला न सांगता भाड्याची ती खोली शोधून तिकडे निघून गेला.

"खाणावळवाली," धाकटा म्हणाला. "मूळ खेळात दोन वाक्यं आहेत तिला. मी चाळीस दिली. तुझीच सगळी." आणि थोडं थांबून, "लोक तिच्याकडे परत परत येतील, असं वाटायचं मला."

ताईला लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. आवाज सांभाळत ती म्हणाली, "पुढचं सांग."

आता तो वळला. कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. ओठ हलले, काहीतरी हाताशी आल्यासारखं वाटलं आणि निसटलं. झटक्याने आतलं किती नेलं होतं, ते त्या क्षणापर्यंत त्यालाही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर तिला दिसलं.

"नाही येत," तो म्हणाला. "तूच बोल ना, ताई. तुझंच आहे."

ताईने पहिल्या वाक्याखाली दोनचा आकडा घातला. धाकटा वाट बघत होता. ती त्या आकड्याकडे बघत राहिली, आणि काही केल्या तिला तोंडातून एक शब्द काढता येईना.