विश्रांतीचे बारा आठवडे

उड्या मारायची दोरी कपाटावर गेली, धावायचे बूट ट्रंकेत गेले आणि लोखंडी वजनं पलंगाखाली ढकलताना वहिनीच्याच कमरेत उसण भरली. एवढं करूनही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नणंदेला तीन महिने नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे वारा पिशवीत भरून ठेवण्यासारखं होतं.

नणंदेला घरात ‘छोटी’ म्हणत. छोटी दारातून आत येताना मान वाकवायची. चौघींच्या वल्हवायच्या होडीत तिची जागा जवळजवळ पक्की होती. निवड चौदा आठवड्यांवर आलेली. तेवढ्यात तपासणीत हृदयाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर हृदयाची भिंत पुन्हा पुन्हा मोजली.

“भिंत तेरा मिलिमीटर भरतेय,” शेवटी त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं वल्हवतेस, हृदय कमावलेलं असणारच. कप्पे मोठे होतात, भिंती जाड होतात, एका ठोक्यात जास्त रक्त फेकलं जातं. म्हणून तर तुझी नाडी पंचेचाळीस आहे. पण भिंत जाड होण्याचा एक आजारही असतो, आणि तो ऐन मेहनतीत घात करू शकतो. काठावरचा आकडा असला की दोन्ही सारखेच दिसतात.”

“मग ओळखायचं कसं?” छोटीने विचारलं.

“घरी बसायचं. बारा आठवडे व्यायाम बंद. मेहनतीनं जाड झाली असेल तर भिंत पातळ होईल. नाही झाली तर आजार समजायचा, आणि होडी विसरायची.”

वहिनीने बाळाच्या लसींच्या वहीत, मागच्या पानावर हे सगळं उतरवून घेतलं. ‘घात’ शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

त्या दिवसापासून तिचा पहारा सुरू झाला.

“छोटी, बसल्या बसल्या पाय का हलवतेस?”

“श्वास घेऊ ना, वहिनी? की त्याचाही अर्ज करायचा?”

वहिनीचा नवरा आठवड्याचे पाच दिवस कामानिमित्त बाहेरगावी, त्यामुळे घरात या दोघी आणि ठकी. ठकी आठ महिन्यांची, भरघोस बाळशाची आणि झोपेची हाडवैरी. जन्मल्यापासून तिने आईला सलग दोन तास डोळा लागू दिला नव्हता. एके दिवशी लिफ्ट बंद पडली आणि छोटी तिला कडेवर घेऊन चार मजले चढून आली. दारात पोचेपर्यंत ठकी गाढ. हा शोध लागल्यावर रोज दुपारी छोटी तिला घेऊन जिन्यात जाऊ लागली.

“सावकाश हं,” पहिल्या दिवशी वहिनी म्हणाली.

“बाळ झोपवतेय गं, डोंगर चढत नाहीये.”

वहिनी जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाली, ती दोन तासांनी उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. गॅसवरचं दूध वर यायच्या आत जिला चाहूल लागायची, तिला दाराबाहेरची धपधप ऐकू येत होती. एकेका ढांगेत दोन दोन पायऱ्या, वर, खाली, पुन्हा वर. ती कूस बदलायची.

सहा आठवड्यांनी मधली तपासणी झाली. भिंत तेरा.

“थोडी तरी उतरायला हवी होती,” डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. “व्यायाम?”

“एक दिवसही नाही. हिला विचारा, माझी जेलर आहे ही.”

छोटी खोटं बोलत नव्हती, हे वहिनीला कळत होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. आता काय लिहिलं जाणार, हेही कळत होतं.

“जिना,” वहिनी म्हणाली.

“काय?”

“माझ्या मुलीला झोपवायला ही जिना चढते. चार मजले. रोज बारा-पंधरा फेऱ्या. धावतच म्हणा ना.”

“अगं, तो काय व्यायाम आहे?” छोटी खरोखरच चक्रावली. “बाळ झोपवणं ते!”

“बाळाचं वजन?”

“नऊ किलो दोनशे,” वहिनीने वही न उघडता सांगितलं.

“तेवढीच वाळू पिशवीत भरून चढली असतीस तर मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस,” डॉक्टरीणबाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “आजपासून पुन्हा बारा आठवडे. मागचे धरायचे नाहीत.”

निवड आठ आठवड्यांवर होती.

टॅक्सीत छोटी वहिनीकडे वळली. “तुला माहीत होतं?”

“ऐकू येत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“झोप लागत होती गं,” वहिनी म्हणाली.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दुपारी वहिनीने ठकीला खांद्यावर टाकलं आणि स्वतःच जिना धरला. दुसऱ्या मजल्यावर तिच्या छातीचा भाता झाला. वर बघते तर चौथ्या मजल्यावर, दारातच खुर्ची टाकून, छोटी हातात घड्याळ घेऊन बसलेली.

“पाठ ताठ! कठड्याला लटकायचं नाही!”

“तू... बोलत... नव्हतीस ना?”

“नणंद म्हणून नाहीच बोलत. प्रशिक्षक म्हणून बोलतेय. चला, पुढची फेरी!”

निवडीचा दिवस आला नि गेला. होडी दुसरीला घेऊन गेली. छोटी दिवसभर तोंडावर उशी घेऊन पडून होती. वहिनीने संध्याकाळपर्यंत ठकीला तिच्या पोटावर बसवून ठेवलं, आणि वहीत ‘पूर्ण विश्रांती’ असं लिहिलं.

बाराव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी भिंत तीनदा मोजली. “साडेदहा.”

“म्हणजे?” छोटी ताडकन उठून बसली.

“म्हणजे कमाईच होती ती. जा, वल्हव. हळूहळू वाढव आणि दरवर्षी येऊन दाखव.”

छोटीने तपासणीच्या पलंगावरूनच वहिनीच्या गळ्यात उडी घेतली. वहिनी एकीकडे डोळे पुसत होती, एकीकडे म्हणत होती, “परत एकदा मोजता का हो?” चौथ्यांदाही साडेदहाच निघाली, तेव्हा कुठे तिला धीर आला आणि ती जमिनीवरच मटकन बसली. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, जरा वेळाने मनगट धरून नाडी मोजली.

“चौसष्ट? एवढ्या घाबरगुंडीत?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही काही खेळता का?”

“छे हो,” वहिनी म्हणाली, “मी फक्त बाळ झोपवते.”