तिसऱ्या डोळ्यात कापूस

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, उरलेले लोक खिडक्यांत चढून बसले. व्यासपीठावर सातवीतला केयूर उभा होता. डोळ्यांवर जाड काळी पट्टी, छातीवर 'दिव्यचक्षू क्लब'चा सोनेरी बिल्ला. शुभंकर सरांनी त्याच्या हातात एक कार्ड ठेवलं. पोरानं ते बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं, मान जराशी मागे टाकून हुंगलं.

"पिवळं हाये," तो म्हणाला. "त्याच्यावर मोर हाये."

कार्ड पिवळं होतं आणि त्यावर मोर होता. टाळ्यांनी छताचे पत्रे दणाणले. नातवाला घेऊन आलेल्या म्हाताऱ्या नत्थुजींनी बसल्या जागेवरून हात जोडले, आणि बायका पदरानं डोळे टिपू लागल्या.

"प्रिय पालकहो!" शुभंकर सर गरजले. हे गृहस्थ दर शनिवारी अमरावतीहून दर्यापूरला येत. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, कानाला अडकवलेला माइक. "ही जादू नाही, हे प्युअर सायन्स आहे! मेंदूच्या मधोमध मिडब्रेन झोपलेलं असतं. आमच्या अल्फा संगीतानं ते जागं होतं. मग बंद पुस्तक वाचता येतं, भिंतीपलीकडचं दिसतं! संजयाला हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र कसं दिसलं? मिडब्रेन!"

संजयानं कुरुक्षेत्र हुंगून पाहिल्याचं काही ऐकिवात नाही, असं रागिणी गावंडेच्या अगदी ओठांवर आलं होतं. रागिणी याच शाळेत विज्ञान शिकवत होती. मागच्या वर्षापर्यंत बिनदप्तराच्या शनिवारी प्रयोगशाळेत तिचं विज्ञान मंडळ भरायचं. पोरं पुठ्ठ्याच्या दुर्बिणी करायची, भांडायची, परीक्षानळ्या फोडायची. मुख्याध्यापक पाठक सरांनी ती खोली दिव्यचक्षूला दिली, खो-खोचा तासही दिला, आणि फी भरायच्या रांगेत पालक चपला हरवेपर्यंत उभे राहिले.

"आणि आता घोषणा!" शुभंकर सरांनी हात उंचावला. "येत्या रविवारी आपला केयूर डोळ्यांवर पट्टी बांधून शाळेपासून बसस्टँडपर्यंत सायकल चालवणार आहे. भरबाजारातून!"

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. केयूरचे वडील रामराव, काळ्या मातीत राबणारा आडदांड माणूस, लेकराच्या कौतुकानं ढसाढसा रडत होता. रागिणीनं मात्र केयूरकडे पाहिलं. पोरगा पँटला तळहात पुसत होता, पुन्हा पुन्हा.

सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावर पोरींची आंधळी कोशिंबीर रंगली होती. जिच्यावर राज्य होतं ती धडाधड एकेकीला पकडत सुटली, तशी सहावीतली मैथिली कमरेवर हात ठेवून ओरडली, "चीटिंग! हे खालतून पाहून राहिली!"

मैथिली कुंपणाकडे धावली. सुगीच्या दिवसांत शाळेसमोरून कापसाच्या गाड्या जात आणि बाभळीच्या काट्यांना पुंजके अडकून राहत. तिनं त्यातला थोडा ओरबाडला, मैत्रिणीची ओढणी वर केली, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत कापूस दाबून बसवला आणि ओढणी पुन्हा करकचून बांधली. पुढच्या क्षणी ती पोरगी सरळ जाऊन झेंड्याच्या खांबावर आपटली.

रागिणी हसता हसता थांबली. डोळ्यांवर पट्टी बांधली की नाकाच्या उंचवट्यामुळे खाली फट राहते, हे सहावीतल्या पोरीला ठाऊक होतं. सभागृहातली सगळी मोठी माणसं लहानपणी हाच खेळ खेळली होती, हीच चोरी करून पकडली गेली होती. एकालाही आठवू नये?

तिनं केयूरला प्रयोगशाळेच्या मागे बोलावलं. विचारायचा अवकाश, पोराचा बांध फुटला.

"मॅडम, पयल्या दिवशी कोणालेच नाई दिसलं. सर म्हणे, ज्याचं मन मैलं असते त्याले दिसत नाई. मंग म्हणे हुंगून पाहा. हुंगाले गेलो त नाकापाशी खालतून दिसलं. मी सांगतलं, लाल. सरनं मले उचलूनच घेतलं."

"तुला खालून दिसतं, हे सरांना माहीत आहे?"

"हाये ना. ते म्हणतात, हाच तिसरा डोळा. कोणाले सांगतलं त बंद होते. पण सायकलवर निस्ते माये पाय दिसतात, मॅडम. समोरचं काईच नाई. मान लई वर केली त सर रागावतात."

"मग बाबांना सांग ना."

"नाई, नाई! बाबा कधी शाळेत येत नव्हते. आता सगळ्याइले घेऊन येतात मले पाहाले."

रागिणीला किळस आली. एखादा भोंदू स्वतः खोटं बोलतो, तेव्हा निदान पाप त्याच्या स्वतःच्या जिभेवर असतं. या पांढऱ्या कोटानं ते बारा वर्षांच्या पोराच्या जिभेवर ठेवलं होतं. खरं बोलणारी पोरं मैल्या मनाची ठरवली, खोटं बोलणाऱ्याला बिल्ला दिला, आणि हा धडा पोरांना शाळेत, प्रयोगशाळेत बसवून दिला. वर पालक म्हणत, लेकराची एकाग्रता वाढली.

ती तडक पाठक सरांकडे गेली. ते म्हणाले, "मॅडम, पालक खूश आहेत. आपण कशाला मध्ये पडायचं?" ती रामरावांच्या घरी गेली. पोराचं नाव न घेता तिनं पट्टीची फट समजावून सांगितली.

"तुमचा क्लब बंद पडला म्हणून तुमचं पोट दुखून राहिलं, मॅडम," रामराव म्हणाले. चहा देऊन म्हणाले, हे खरं, पण म्हणालेच.

रविवारी शाळेच्या फाटकाशी तोबा गर्दी. सायकलीला झेंडूच्या माळा. केयूर सायकलीशेजारी उभा, तोंड पांढरंफटक. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, जीपा आणि बाजाराला आलेले ट्रॅक्टर. शुभंकर सर पट्टी घेऊन पुढे झाले, तोच रागिणीनं ती त्यांच्या हातून अलगद काढून घेतली.

"सर, आधी मी बांधते."

"मॅडम, वयाच्या पंधराव्या वर्षानंतर मिडब्रेन बंद होतं! तुम्हाला काही दिसणार नाही!"

"मग तुम्ही कशाला घाबरता?"

लोक हसले. तिनं पट्टी बांधली, समोरच्याच्या हातचं वर्तमानपत्र घेऊन नाकाशी नेलं, अगदी साग्रसंगीत हुंगलं आणि पहिल्या पानावरचा मथळा खडाखडा वाचून दाखवला. मग तारीख वाचली. मग खालची बियाण्याची जाहिरात.

आणि मग नत्थुजी पुढे येऊन तिच्या पायांवर वाकले. "मॅडमचा बी तिसरा डोळा उघडला, बाप्पा!"

रागिणीला रडावं की ओरडावं, कळेना. "उठा हो, नत्थुजी! डोळे दोनच आहेत, ते आधी वापरा. रामराव, या इकडे. तुम्ही बांधा."

रामराव बिचकत आले. तिनं आपली पट्टी सोडून त्यांच्या डोळ्यांवर बांधली, शुभंकर सरांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. मान आपोआप जराशी मागे गेली.

"रंग कोणता?"

"हिरवा," ते हळूच म्हणाले. "फटीतून दिसते."

"आता कार्ड सोडा. रस्त्याकडे तोंड करा. काय दिसतं?"

"माया चपला."

"आणखी?"

"चपलाच." तेवढ्यात समोरून एक ट्रॅक्टर धडधडत आला, जवळ, आणखी जवळ. रामराव दचकून मागे सरले, पाय सायकलीत अडकला, सायकल माळांसकट आडवी झाली. ट्रॅक्टर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं निघून गेला होता. रामरावांना तो कुठून आला नि कुठे गेला, काहीच कळलं नव्हतं.

त्यांनी पट्टी ओरबाडून काढली.

"मोठ्यांचं वेगळं असतं!" शुभंकर सर घाईघाईनं म्हणाले. "मुलांची शक्ती—"

"मैथिली, कापूस आण गं."

मैथिलीनं केयूरच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना कापसाचे बोळे ठेवले. रागिणीनं वरून पट्टी बांधली, कार्ड हातात दिलं आणि खाली वाकून फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "जे दिसतं तेच सांग. तुझी काही चूक नाही."

केयूरनं हुंगलं नाहीच. "काईच दिसत नाई," तो मोठ्यानं म्हणाला. आणि हे वाक्य बोलायलाच तो इतके दिवस थांबला असावा, असा त्याचा श्वास सुटला.

"कापसानं लहरी अडतात!" शुभंकर सर ओरडले.

"काहून हो?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. "भिंतीपल्याडचं दिसते म्हणत होते, अन् कापसापल्याडचं नाई दिसत?"

हशा उसळला आणि हशाबरोबर तो पांढरा कोटही उसवला. शुभंकर सरांनी केयूरकडे बोट रोखलं. "हा पोरगाच लबाड आहे! यानं माझी फसवणूक केली!"

चोराच्या उलट्या बोंबा पुष्कळ ऐकल्या असतील, पण बारा वर्षांच्या लेकराच्या आड लपून मारलेली ही बोंब रागिणी पहिल्यांदाच ऐकत होती. ती पुढे व्हायच्या आत रामराव मध्ये येऊन उभे राहिले. हात उगारला नाही, की शिवी दिली नाही. त्यांनी पट्टी शुभंकर सरांसमोर धरली.

"बांधा," ते म्हणाले. "अन् चालवा सायकल. बसस्टँडपोत."

शुभंकर सर गर्दीतून वाट काढत आपल्या गाडीकडे जे निघाले, ते पुन्हा दर्यापुरात दिसले नाहीत. पाठक सरांनी प्रयोगशाळेची किल्ली रागिणीच्या हातात दिली. नजर मात्र दिली नाही.

रामराव आडव्या सायकलीशेजारी उकिडवे बसले होते. "तुले भेव लागत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी खुश होते, बाबा."

रामरावांनी सायकलीच्या माळा तोडून काढल्या, पोराला पुढच्या दांडीवर बसवलं आणि उघड्या डोळ्यांनी, कडेकडेनं, सायकल घराकडे नेली.

दर्यापुरातून गेलेला पांढरा कोट उद्या वरूडला उतरेल, परवा धामणगावला. नाव बदलेल, बिल्ला बदलेल, संगीत नवं असेल. तो आला की त्याच्याशी वाद घालत बसू नका. एवढंच करा: पोराच्या डोळ्यांवर बांधायला दिलेली पट्टी आधी आपल्या डोळ्यांवर बांधून पाहा. आणि आपलं लेकरू 'मले काई दिसत नाई' म्हणालं, तर त्याचं मन मैलं समजू नका. त्या खोलीत तेच एकटं खरं बोलत असतं.