ओडीलची नजर

आमच्या गावात अनातोलकडून चित्र काढून घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. चामडं कमावणाऱ्या बापाचा हा पोरगा पॅरिसला जाऊन परत आला तो एकच खूळ घेऊन : समोर दिसतं तेवढंच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही. मेयरनं मोठ्या हौसेनं चित्र काढवून घेतलं, तर त्याच्या नाकापेक्षा गळ्यावरचा गलगंडच ठसठशीत उतरला. पाद्रीबाबांनी चर्चसाठी एका संत बाईचं चित्र मागितलं, तर यानं आमच्या म्हाताऱ्या धोबिणीला समोर बसवलं आणि तिच्या भेगाळलेल्या टाचांसकट रंगवलं. पॅरिसमध्ये आता असंच काढतात म्हणे. गाव त्याला नावं ठेवी. मला तो आवडायचा. मी प्रेतांना आंघोळ घालणारी बाई. गोड रंगांचं मला काय कौतुक?

त्या हिवाळ्यात माझ्या शेजारणीची, फिलोमेनची, लेक ओडील तापानं गेली. नवरा कधीच गेलेला, एवढी एकच पोर. बर्फानं रस्ता बंद, डॉक्टर येणार कुठून? मी नाकाशी पीस धरलं, ते हललं नाही. मग जे करायचं ते केलं. अंग पुसलं, बोटांत जपमाळ गुंडाळली, पापण्या मिटून त्यांवर तांब्याची दोन नाणी ठेवली. घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, खिडक्या लावल्या.

फिलोमेनकडे लेकीचं एकही चित्र नव्हतं. मेलेल्याचं चित्र काढायचं तर डोळे उघडे, गाल लाल, अशी आमच्याकडची रीत. कुठलाही फिरता चितारी न सांगता तसंच काढतो. पण बर्फात फिरता चितारी कुठला मिळायला? अनातोललाच बोलावलं.

"डोळे उघडे काढ हं, बाबा," फिलोमेन म्हणाली.

"मिटलेत तर मिटलेलेच काढणार, काकू."

"अरे, खाटकाच्या गेलेल्या बाळाचं चित्र बघ की. कसं हसतंय!"

"म्हणून तर ते बटाट्यासारखं दिसतं."

"मेल्या, आईशी बोलतोयस तू!" मी त्याच्यावर खेकसले.

तो ओशाळला, पण हटला नाही. "उर्सुलबाई, खोटं मला जमत नाही. एक खिडकी उघडून द्या, आणि आत कोणी येऊ नका. मागं बाया उभ्या राहिल्या की माझा हात थिजतो."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. दुसऱ्या दिवशीच्या मयताच्या जेवणासाठी कोबी चिरायचा होता, डुकराचं मांस शिजवायचं होतं. अनातोल मधूनमधून खोलीच्या मागल्या दारानं अंगणात जाई, पाइप ओढी, पुन्हा आत जाई. उजेड सरला तसा तो निघाला. चेहरा फुगलेला, आमच्याकडे न बघता दार आपटून गेला. पोरीला बघून गलबलला असेल, असं आम्हाला वाटलं.

आत गेलो. चित्रातली ओडील डोळे उघडून पडली होती.

तपकिरी, ओले डोळे. दोन्हीत खिडकीचा उजेड. फिलोमेन मटकन खालीच बसली. "काढले गं त्यानं! दगडाला पाझर फुटला!" म्हणून रडता रडता हसली. मी पलंगाकडे पाहिलं. ओडीलचे डोळे मिटलेलेच होते, फक्त नाणी चादरीच्या चुणीत पडली होती. काम करताना त्यानं उचलली असतील, म्हणून मी ती पुन्हा जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला पुरलं. चर्चची पायरी अनातोल चढत नसे, तो थेट जेवणाला आला आणि दारातच उभा राहिला. फिलोमेननं स्वतःच्या हातानं त्याला दारूचा पेला दिला.

"तुझे उपकार फिटायचे नाहीत रे माझ्याकडून."

"उपकार कसले? जिंकलात तुम्ही!" त्याचा राग अजून नाकावरच होता. "मी नाही म्हटलं म्हणून माझ्यामागं तुम्ही पोरीचे डोळे उघडलेत. नाणी काढून टाकलीत. समोर दिसलं ते काढणं मला भागच होतं."

तो आणखी चढला.

"बरं, उघडले तर उघडले, वर डोकं कशाला हलवायचं? आधी नजर खिडकीकडे होती. पाइप ओढून येतो तर दाराकडे! अख्खे डोळे खरवडून पुन्हा काढले मी."

"अनातोल," मी म्हटलं, "आम्ही आत गेलोच नाही."

तो हसला. मग आमची तोंडं पाहिली आणि हसू जागीच विरलं.

"मग कोण गेलं होतं?"

"कुठल्या दाराकडे बघत होती?" फिलोमेननं अगदी हळू विचारलं.

"या स्वयंपाकघराच्या."

जिथं आम्ही कोबी चिरत बसलो होतो, त्या दाराकडे. हाकेच्या अंतरावर तिची आई होती आणि पोरीला हाक मारता आली नव्हती.

फिलोमेन अंगावर शालही न घेता कबरीकडे धावली. पुरुष फावडी घेऊन मागं पळाले. माती अजून भुसभुशीत होती. शवपेटीचं झाकण उचललं तेव्हा मी फिलोमेनला पाठीमागं ढकललं आणि एकटीनं पाहिलं. ओडील गार पडली होती, आता खरोखरची. जपमाळ तुटलेली होती, मणी पेटीभर पांगले होते. बाकी काय पाहिलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

त्याच संध्याकाळी फिलोमेननं अनातोलच्या हातात कुंचला दिला. "मीट ते डोळे."

त्यानं मिटले. उघडे डोळे स्वतः पाहूनही त्यांवर मिटलेल्या पापण्या रंगवल्या. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं. नंतर तो गाव सोडून गेला. ऐकते की आता नुसते खडक आणि बर्फ काढतो, माणूस काढत नाही.

पण वरून चढवलेला रंग वर्षं जातील तसा विरतो, खालचा वर येतो. हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? पहिल्यांदा पापणीखाली नुसती सावली दिसली. मग तपकिरी कडा. यंदा तर खिडकीच्या उजेडाचे ते दोन ठिपकेही दिसायला लागलेत. चित्र ओडीलच्या पलंगावरच टांगलंय; मी आता त्या खोलीत एकटी जात नाही, खोटं कशाला सांगू?

पाद्रीबाबा म्हणाले, "फिलोमेन, जाळून टाक ते."

फिलोमेननं आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली. तिथंच ती जेवते, तिथंच विणते, अलीकडे झोपतेही तिथंच.

"पुरते उघडतील तेव्हा," ती म्हणते, "मी दारात नको का?"