तृतीयेचा डबा

रसायनीच्या कारखान्यात दयारामने आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. आलेल्या मालावर सही करायची ती खोकं उघडून, आतलं हाताने चाचपून. वरचं लेबल बघून सही करणारा माणूस एक दिवस गोत्यात येतो, असं त्याचं ठाम मत होतं. घरात मात्र त्याने कधी खोकं उघडून पाहिलं नाही. सुमती सांगेल ते खरं. म्हणूनच भीमाबाईचं बोलणं त्याला एवढं लागलं.

पितृपक्ष लागला होता. दयाराम पनवेलच्या उरण नाक्यावरून भाजी घेऊन निघाला होता. मासळीबाजाराच्या तोंडाशी भीमाबाई रिकामी बसली होती. या पंधरवड्यात तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. सुमती मासळी घ्यायची ती हिच्याकडूनच. भीमाबाईने हाक मारली, बाईंची आठवण काढली, डोळ्यांना पदर लावला आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाली,

"परवा तीज हाय, भाऊ. बाईंचा डबा यायचा. आमचा धर्मा गेल्या साली पन वाट बघत बसला व्हता. बाई गेल्या ते ठावं असून."

दयाराम "हो हो" म्हणाला आणि चालू लागला. नवीन पनवेलला घरी पोचेपर्यंत त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली नाही. बोटांना वळ पडले तेव्हा त्याला ते कळलं.

डबा त्याला माहीत होता. दर वर्षी पितृपक्षातल्या तृतीयेला सुमती पहाटे उठून खीर, वडे, भोपळ्याची भाजी करायची, डबा भरायची आणि उन्हं चढायच्या आत बाहेर पडायची. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्याकडच्या एकाची तिथी असते. पाण्याकाठी पान ठेवून येते." तिचे मामा आपट्याला राहायचे, नदीकाठी. दयाराम धरून चालला की डबा आपट्याला जातो. आता लक्षात आलं, आपटा हे नाव तिने कधी घेतलंच नव्हतं. ते त्याचं त्यानेच घेतलं होतं.

संध्याकाळी त्याने उरणला मेव्हण्याला, कुमारला, फोन लावला. पंचांग बघतोय, तुमच्याकडे तृतीयेला कोणाचं श्राद्ध असतं, असं आडून विचारलं. कुमारने मनातल्या मनात सगळे आठवले. वडील एकादशीला, आई पंचमीला, मामा तर अजून हिंडतेफिरते. तृतीयेला कोणी नाही, भावोजी, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "का हो?"

"काही नाही," दयाराम म्हणाला.

त्याच दिवशी गुरुजी येऊन गेले होते. सुमती गेल्या वर्षी आषाढात गेली, वर्षश्राद्ध झालं, आता अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी नवऱ्याने करायचा तो दिवस. मूलबाळ नव्हतं, तेव्हा जे काही करायचं ते दयारामनेच. गुरुजींनी विचारलं, सवाष्ण कोण सांगायची, स्वयंपाकाला कोण. दयारामने सांगतो म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. सकाळपर्यंत त्याला त्यात अडचण दिसत नव्हती. आता दिसू लागली. पान वाढायचं, हात जोडून जेवायला ये म्हणायचं, आणि मनात हे घेऊन? बाहेरच्या माणसालाही आपण असं जेवायला बोलावत नाही.

त्याने तिची लोखंडी ट्रंक उघडली. लुगडी, शाली, आईची नथ. हळदीकुंकवाच्या कोयरीत मात्र भलतंच निघालं. प्लास्टिकचा एक लहानसा त्रिकोणी तुकडा, काळा, एका टोकाला झिजलेला. बटण नव्हतं, दागिन्याचा भाग नव्हता. कुंकवाशेजारी ठेवावं असं त्यात काय होतं? त्याने तो खिशात घातला.

आधी त्याला वाटलं, धर्मा. पण धर्मा जिवंत आहे. जिवंत माणसाला श्राद्धाचा डबा कोण नेतं? म्हणजे गेलेला तिसराच कोणीतरी, आणि त्याचं दुःख या दोघांचं. दोघांचं मिळून कोण गेलं असेल, हा प्रश्न एकदा मनात आला आणि मग हलेना. सुमती आणि हा धर्मा, म्हणजे भीमाबाईचा भाऊ धर्मराज, उरणला एका शाळेत होते, एवढं त्याला ठाऊक होतं. आपल्याला मूल झालं नाही. तिला आधी झालं असेल, तर? विचार करताना त्याची त्यालाच शरम वाटत होती. पण शरम वाटली म्हणून संशय जात नाही. उलट तो नीट बसतो, पाहुण्यासारखा.

विचारायला म्हणून गेलं तर माणूस कबूल करत नाही. स्टोअरातला अनुभव. माल पुढे ठेवायचा आणि तोंडाकडे बघायचं. म्हणून तृतीयेला पहाटे उठून दयारामने स्वतः डबा केला. खीर खाली लागली, वडे दगडासारखे झाले, भोपळा तेवढा जमला. डबा कडीला धरून तो पनवेलच्या कोळीवाड्याकडे निघाला.

खाडीच्या अंगाला धर्मराजचं घर होतं. ओटीवर जाळी, एका कोपऱ्यात लग्नाच्या बँडचा ढोल. धर्मराज गोदीत नोकरीला होता आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचा. दारातच उभा होता, आंघोळ करून, कोऱ्या लुंगीत. दयारामच्या हातातला डबा बघून तो ओटीवरून खाली उतरला. दोन्ही हातांनी डबा घेतला आणि कपाळाला लावला.

"तुमी याल असं वाटलं नव्हतं, दाजी."

"दाजी म्हणायची गरज नाही," दयाराम म्हणाला. चोरसुद्धा पकडला गेला की नातं काढतो, हे त्याने पाहिलेलं होतं.

धर्मराजने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे सारवलेल्या जागेत केळीचं पान मांडलं होतं. पानासमोर पाट आणि पाटावर काहीतरी उभं केलेलं, त्याला झेंडूची माळ. फोटो, दयारामने ओळखलं. त्याने आधी मुद्दाम खाडीकडे पाहिलं, मग माडाकडे पाहिलं. लहान मुलाचा चेहरा बघायची त्याने मनाची तयारी केली आणि मान वळवली.

पाटावर गाण्याच्या तबकडीचं पुठ्ठ्याचं पाकीट होतं. त्यावर एक काळा माणूस. डोक्यावर केसांचा झाप, अंगात फुलाफुलांचा सदरा, हातात गिटार. कपाळावर कोणीतरी गंधाचं बोट टेकवलेलं.

"कोण हा?"

"जिमी," धर्मराज म्हणाला. "जिमी हेंड्रिक्स. अमेरिकेचा. लंडनला वारला, सत्तर साली. ऐन पितृपक्षात."

मग त्याने डबा उघडून पान वाढता वाढता सगळं सांगितलं. त्याचा बाप मुंबईच्या गोदीत होता. जहाजावरचे खलाशी जुन्या तबकड्या द्यायचे, कधी दारूच्या बदल्यात, कधी उगीच. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने त्या उरणला यायच्या. शाळा सुटली की चारपाच पोरंपोरी त्याच्या ओटीवर ऐकायला जमायची. बाकीची हसून निघून जायची. सुमती बसायची. ती डावखुरी. लिहिताना मास्तर त्या हातावर छडी मारायचे, घरी आई त्या हाताने वाढू द्यायची नाही. पाकिटावरचा हा माणूस गिटार उलटी धरून डाव्या हाताने वाजवताना दिसला तेव्हा ती पाकीट घेऊन कितीतरी वेळ उन्हात उभी राहिली होती. ह्याला कुणी छडी मारली नाही वाटतं, म्हणाली.

तो गेल्याची बातमी खलाशाकडूनच आली, दिवाळीच्या सुमाराला. सुमतीने भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटून तिथी काढली. भाद्रपद वद्य तृतीया. पक्षातच गेला म्हटल्यावर तिच्या दृष्टीने प्रश्नच मिटला. तिकडे पक्ष पाळत नाहीत, कावळ्याला पान ठेवत नाहीत, मग त्याला कोण घालणार? इंग्रजी तारखेचं तिला काही नव्हतं. माणूस कुठलाही असो, तिथी ती तिथी.

"नव्वद साली अजून एक गेला," धर्मराज म्हणाला. "तो पन गिटारवाला, ब्लूजवाला. हेलिकॉप्टर पडलं. तो गेला ऐन गणपतीत. सुमती म्हणाली, गणपतीत कुठं पान वाढायचं, त्याला पन तृतीयेलाच घेऊ. तवापासून दोन वडे जास्त."

ब्लूज म्हणजे काय ते दयारामने विचारलं नाही, पण धर्मराजनेच सांगितलं. आपल्याकडे माणूस गेल्यावर बायका त्याचं नाव घेत सुरात रडतात ना, तसं. फक्त ते रडं बाज्यावर वाजवतात.

दयाराम ऐकत होता आणि मनात तपासत होता. गोष्ट फार नीट बसत होती. एवढी नीट बसणारी गोष्ट बहुधा आधी तयार केलेली असते. त्याने खिशातला त्रिकोणी तुकडा काढून तळहातावर पुढे धरला आणि धर्मराजच्या तोंडाकडे बघत राहिला.

धर्मराज दचकला नाही. तो वाकून बघायला लागला आणि मग हसत खालीच बसला.

"तुमच्याकडं होय ही. गिटारची नखी, माझी. मी घरभर शोधली, पोरांना मारलं. सुमती वाजवून बघायची डाव्या हातानं. विचारलं तर म्हनाली, मला काय ठावं, पडली असेल खाडीत." त्याने डोळे पुसले. "चोरटी."

चोरटी हा शब्द ज्या तऱ्हेने निघाला, तसा तो बहिणीसाठीच निघतो. कुमारही तिला तसाच बोलायचा. दयारामचा हात पुढेच राहिला होता. तो त्याने मागे घेतला. पण एक गोष्ट अजून टोचत होती, आणि ती त्याने विचारली.

"मला का नाही सांगितलं तिने?"

धर्मराजने पानावरचा वडा सरळ केला.

"तुमी हसाल म्हनायची. एवढंच भ्या व्हतं तिला. तुमी दुसरं काय मनात घ्याल, हे तिला कधी सुचलंच नाय."

दयाराम पाटाकडे बघत बसला. हसला असता. त्याला ते माहीत होतं. कारखान्यात चार जणांना सांगितलंही असतं.

माडावर कावळे होते, पण खाली उतरत नव्हते. धर्मराज म्हणाला, गाणं लावल्याशिवाय येत नाहीत, दर वर्षीचं आहे, आणि तो आत गेला. खरखर झाली आणि मग पत्रा फाडावा तसा आवाज अंगणात आला. दयारामला त्यात सूर सापडेना. पण आवाज मध्येच खाली आला आणि एकटाच काहीतरी सांगत राहिला, तेवढं त्याने ऐकलं. पानावर सावली पडली. एक कावळा वडा उचलून गेला, दुसऱ्याने खिरीत चोच घातली. माणूस पानापासून उठून आत गेला म्हणून ते उतरले, हे दयारामला दिसलं होतं. तो ते बोलला नाही.

निघताना त्याने नखी धर्मराजच्या हातावर ठेवली. धर्मराजने ती परत त्याच्या खिशात घातली. तिनं चोरली, आता तिचीच, म्हणाला. "या हां, दाजी," एवढं वर म्हणाला. यावेळी दयारामने त्याला अडवलं नाही.

नवमीला गुरुजी आले, सवाष्ण जेवली, ओटी भरून झाली. उरणहून कुमार आणि त्याची बायको आली होती. दयाराम पान घेऊन इमारतीच्या गच्चीवर एकटाच गेला. वरण, भात, खीर, वडे. नखी त्याने पानाच्या कडेला, उजवीकडे ठेवली. मग उचलून डावीकडे ठेवली.

पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. तो बघत होता, येत नव्हता. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर ते बोलावं लागतं, नाहीतर कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दयारामने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती.

"तृतीयेचा डबा जाईल," तो हळूच म्हणाला. "दर वर्षी. तुझ्यासारखी खीर नाही व्हायची."

कावळा बसूनच राहिला.

दयारामने हात जोडले.

"हसणार नाही, सुमे."

मग तो टाकीच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खालून जिन्यातून हाका येत होत्या, पंगत खोळंबली होती. तो वळला तेव्हा पानावर एक वडा कमी होता. नखी होती तिथेच होती. टाकीवर कावळा नव्हता. गच्चीच्या कठड्यावर शेजाऱ्यांचं मांजर मात्र मिशा चाटत बसलं होतं.

दयारामने त्याच्याकडे एकदा पाहिलं. नखी उचलून खिशात टाकली आणि तो जिना उतरू लागला. खाली कुमारने विचारलं, शिवला का?

"शिवला," दयाराम म्हणाला. "वाढायला घ्या."