पिक्चरमधला ड्रायव्हर

वस्तरा गळ्यापाशी आला आणि सलूनवाल्यानं पिक्चरचा विषय काढला.

"फायटिंग एक नंबर आहे," तो म्हणाला. "इंटरव्हलनंतर जरा ताणलाय. पण शेवटी इन्स्पेक्टर त्या ड्रायव्हरला गुडघ्यावर बसवून उडवतो ना, अख्खं थेटर उभं राहतं. मी शिट्टी घातली. बायको म्हणते, वय बघा."

बोलता बोलता त्यानं आरशात पाहिलं आणि खुर्चीत कोण बसलंय ते त्याच्या ध्यानात आलं. वस्तरा जागच्या जागी थांबला. शेजारच्या खुर्चीतल्या तोंडभर फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला याची काहीच कल्पना नव्हती. ड्रायव्हरला एका गोळीत मारायला नको होतं, आधी बोटं तोडायची होती, असं आपलं मत त्यानं फेसातून दिलं. सलूनवाल्यानं घाईघाईनं दाढी उरकली. एरवी मान मोडून दिल्याशिवाय न सोडणारा माणूस, त्या दिवशी त्यानं मानेला हातसुद्धा लावला नाही.

खुर्चीतून उठलेल्या माणसाला सगळे सावकाश म्हणत. नाव नव्हे ते, गाडी हळू चालवायचा म्हणून पडलेलं. आता तो शाळेची बस चालवत होता, आणि पोरांच्या आया म्हणत की असा ड्रायव्हर मिळायला नशीब लागतं. पण बारा वर्षांपूर्वी तो नोटांची गाडी चालवायचा. बँकेतून पेट्या घ्यायच्या, दुसऱ्या बँकेत पोचवायच्या. सोबत एक गार्ड असायचा. आडवा बांधा, झुपकेदार मिशा. त्याला पैलवान म्हणत. एका दुपारी त्या गाडीवर दरोडा पडला. गार्ड मेला, ड्रायव्हर जगला. जगला हाच त्याचा गुन्हा. चौकीत त्याला हात बांधून टांगला, तळव्यांवर मारला, आणि काही निघेना तेव्हा सोडला. पुढे दरोडेखोर सापडले. आतलं कोणी सामील नव्हतं, हे त्यांनी कोर्टात आपल्या तोंडानं सांगितलं. ते ऐकायला कोर्टात कोण बसलं होतं? टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काय होतं?

आता कुणा दिग्दर्शकाला ती जुनी बातमी मिळाली. सत्य घटनेवरून, असं सुरुवातीलाच मोठ्या अक्षरात टाकून त्यानं पिक्चर काढला. पोलीस पाहिजेत, दरोडेखोर पाहिजेत, रक्ताचे फवारे पाहिजेत. आणि एक हरामखोर पाहिजे, ज्याला शेवटी मारला की लोकांना घरी जाऊन गाढ झोप लागेल. त्यासाठी ड्रायव्हर बरा पडला. ड्रायव्हर कुठे दावा ठोकायला येणार आहे?

मग गावभर ज्याच्या त्याच्या तोंडी मत. मेहुणा जेवायला आला आणि घास तोंडात असतानाच म्हणाला की पोलीस असेच पाहिजेत, कोर्टकचेऱ्या हव्यात कशाला, जागेवर फैसला. बहिणीनं वाटी आदळली तेव्हा कुठे त्याला समोर कोण बसलंय ते आठवलं. तो पिक्चरबद्दल बोलतोय, असं म्हणाला. पिक्चर म्हणजे पिक्चर, मनाला काय लावून घ्यायचं. सावकाशनं त्याला आणखी वाढायला सांगितलं.

शाळेच्या पालकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये मात्र कुणी ओशाळलं नाही. एका बाईनं लिहिलं की मुलांना मुळीच दाखवू नका, हिंसा फार आहे, पण आपण जरूर पाहा, डोळे उघडतात. दुसऱ्यानं अभिनयाची तारीफ केली. तिसऱ्यानं विचारलं, आपला बसवाला तोच ना? त्यानंतर पिक्चर बाजूलाच राहिला. ज्यांची लेकरं त्यानं झोपलेली उचलून दारात आणून दिली होती, तेच लिहू लागले की याच्या नजरेत आम्हाला पहिल्यापासून काहीतरी वाटत होतं.

मोठ्या बाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. शाळा त्यांचीच. बाई वाईट नव्हत्या, फक्त थकलेल्या होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, हेच त्याला आधी खटकलं. एवढ्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पालक ऐकत नाहीत, म्हणाल्या. उद्या सकाळी सभा आहे.

"त्या गार्डची बायको आहे ना इथेच? ती उद्या येऊन एवढंच म्हणाली, की माझ्या नवऱ्याच्या जिवाला हा माणूस जबाबदार नाही, तर मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. बस तुमचीच."

"विचारतो," तो म्हणाला.

पण आधी तो थेटरात गेला. लोक आपल्याबद्दल काय पाहून येतायत ते एकदा आपणही पाहावं, म्हणून दुपारच्या खेळाला जाऊन बसला.

पिक्चरमधला गार्ड उंच, देखणा. दरोडेखोरांनी त्याच्या मानेला पिस्तूल लावून त्याला गाडीच्या काचेशी आणलं, तेव्हा मागे व्हायोलिन सुरू झालं. "दार उघडू नकोस," तो गरजला, "माझा जीव गेला तरी चालेल." पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. आत बसलेला पिक्चरमधला ड्रायव्हर काहीतरी चघळत होता. तो दात काढून हसला आणि त्यानं दार उघडलं. थेटरातून आईवरून शिव्या उठल्या. त्यानंतरचे दोन तास माणसं फुटत होती, जळत होती, गच्चीवरून पडत होती, आणि लोक चिवड्यासारख्या मक्याच्या लाह्या खात होते. शेवटी इन्स्पेक्टरनं ड्रायव्हरला गुडघ्यावर बसवला. ड्रायव्हर रडत होता, पोरांची शपथ घालत होता. गोळी सुटली. सगळे उठले.

शेजारच्या गृहस्थानं सावकाशला कोपरानं ढोसलं. "काका, वाजवा की टाळ्या."

सगळं थेटर उभं, हा एकटाच बसलेला. तो उठला. त्यानं टाळ्या वाजवल्या.

खरं काय झालं होतं, ते त्या थेटरात त्यालाच ठाऊक होतं. कंपनीचा नियम एकच होता: ड्रायव्हरनं आतून दार उघडायचं नाही, बाहेर आभाळ कोसळलं तरी. त्या दुपारी पैलवान पेटी पोचवून परत येत होता आणि दरोडेखोरांनी त्याला गाठला. काचेला त्याचं तोंड दाबून धरलं. काच जाड, आवाज जेमतेम आत येत होता, पण ओठ दिसत होते. "उघड," पैलवान म्हणत होता. "उघड रे. मारतील मला. उघड." मिशा काचेवर चुरगळल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सावकाशनं उघडलं. मित्र असा रडतो तेव्हा कुठला नियम आठवतो? पेट्या गेल्या, आणि जाता जाता त्यांनी पैलवानलाही गोळी घातलीच.

चौकीत टांगलेला असतानाही सावकाशनं हे सांगितलं नाही. गार्डनंच उघडायला लावलं असं निघालं असतं, तर कंपनीनं त्याच्या बायकोला दारातही उभी केली नसती. ड्रायव्हर घाबरला, गार्ड लढला, असं कागदावर गेलं. कंपनीनं पैलवानचा फोटो हार घालून भिंतीवर लावला आणि त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, ऑफिसात कामाला घेतलं. त्यांची पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती.

संध्याकाळी तो त्यांच्याकडे गेला. दोन खोल्या, दुसरा मजला. त्यांचा नळ गळायला लागला की हाच यायचा, पोरीच्या शाळेच्या प्रवेशाला रांगेत हाच उभा राहिला होता. पोरगी आता पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे पळायला जायची. एरवी काका आले की ती पायऱ्यांपर्यंत पुढे यायची. आज तिनं दार उघडलं, चहा आणून ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यानं सभेचं सांगितलं. वहिनींनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

"येते की. त्यात विचारायचं काय, भाऊजी? अर्धा दिवस रजा टाकते."

"आई, थांब जरा," पोरगी म्हणाली. "मला काकांना एक विचारायचंय."

तिनं पिक्चर तीनदा पाहिला होता. मैत्रिणी तिला मुद्दाम घेऊन गेल्या होत्या. मैदानावर पोरं तिला आता पुढे जागा करून देत. पैलवानाची पोरगी म्हणत. बापाचा आवाज तिला आठवत नव्हता. बापाचा म्हणून तिच्या कानात आता त्या नटाचाच आवाज होता.

"बाबा म्हणाले होते ना, उघडू नकोस म्हणून? ते खरंय?"

खोलीत पंखा फिरत होता. वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होत्या. एक शब्द पुरला असता. त्या शब्दावर बस परत मिळाली असती, सलूनमध्ये मान मोडून मिळाली असती, मेहुणा गप्प बसला असता. समोर पोरगी ताठ उभी होती, गुडघ्यावर मैदानात पडून ताजं खरचटलेलं.

"हो," तो म्हणाला. "तसंच म्हणाला."

"मग तुम्ही का उघडलंत?"

"घाबरलो."

पोरीनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. पुढे आली, त्याच्यासमोरचा अर्धा प्यालेला चहाचा कप उचलला आणि आत गेली. नळ सुरू झाला. कप घासल्याचा आवाज आला, बराच वेळ.

तो उठला. वहिनी त्याच्यामागून जिन्यापर्यंत आल्या आणि त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "घरात पाल निघाली तरी ते पलंगावर चढून मला हाक मारायचे."

तो पहिल्या पायरीवरून मागे वळला.

"काय म्हणाले असतील ते मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? मी येते उद्या."

"नका येऊ, वहिनी. तुम्ही आलात तर ती विचारेल, ज्यानं बाबांचं ऐकलं नाही त्याच्या बाजूनं का बोललीस. काय सांगाल?"

आतला नळ बंद झाला होता. वहिनी दाराकडे बघत राहिल्या, तेवढ्यात तो खाली उतरला.

सकाळी सभेला पालक झाडून आले होते. एरवी अभ्यासाच्या सभेला यांना वेळ नसतो. मोठ्या बाईंनी त्याला दाराशीच विचारलं, की आल्या का त्या.

"नाही म्हणाल्या," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. तुम्ही नीट विचारलंत ना, असं एकदा म्हणून पाहिलं. मग आत गेल्या. थोड्या वेळानं आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी हसलं, बाईंचे आभार मानले गेले. त्यानं बस धुतली, सीटखाली अडकलेली एक पाण्याची बाटली काढून खिडकीत ठेवली, आणि किल्ली शिपायाकडे देऊन निघाला.

घरी जायची वाट थेटरावरूनच होती. दुपारच्या खेळाची रांग पार रस्त्यावर आली होती. पोस्टरवर इन्स्पेक्टरचा तोंडभर रक्त माखलेला चेहरा होता. रांगेतून वाट काढताना एका तरुणानं त्याला अडवलं. शेजारी त्याची बायको होती, नव्यानंच लग्न झालेलं दिसत होतं.

"काका, पाहिलाय का तुम्ही? हिला मारामारी सोसत नाही. कसा आहे, बघण्यासारखा आहे का?"

सावकाश थांबला. मागची माणसंही कान देऊन ऐकू लागली. कुणाचं मत कधी कामाला येईल सांगता येत नाही.

"मारामारी आहे पुष्कळ," तो म्हणाला. "त्या वेळी डोळे मिटून घे, पोरी. पण गार्डचं काम फार चांगलं केलंय. तेवढं बघ."

रांग पुढे सरकली. तो बाजूला झाला आणि त्यांना जाऊ दिलं.